पहाटेच्या झोपेची पैज

मला झोप पाहिजे होती, बाकी काही नाही. लोक म्हणतात, छाया, तू त्या ट्रायथलॉनमध्ये उतरलीस म्हणजे केवढी गं तुझी जिद्द! कसली जिद्द नि कसलं काय. मला एकदा सूर्य उगवेपर्यंत अंथरुणात पडून राहायचं होतं. त्याला दुसरा रस्ता सापडला नाही, एवढीच गोष्ट.

आमचं घर मखमलाबादला. दोन एकर मळा, त्यात गुलाब. गुलाबाची कळी ऊन लागायच्या आत कापली तरच बाजारात टिकते. एकदा का ती उमलायला लागली की गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणजे पहाटे चारला उठा, कपाळाला बॅटरी बांधा, तास-दीड तास कात्री चालवा, गड्ड्या बांधा, सायकलच्या कॅरिअरला दोन टोपल्या लावा आणि सहाच्या आत पंचवटीच्या फुलबाजारात हजर व्हा. लग्न होऊन आले तेव्हापासून हे काम माझ्याकडे. अठरा वर्षं झाली. दुखणं नि बाळंतपण सोडलं तर एका दिवसाचा खाडा नाही.

आणि आमचे हे? नाव महेश, पण तोंडाने घ्यायची सवय नाही, तेव्हा मी आपली 'हे'च म्हणते. हे अंबडला कारखान्यात फिटर. नऊला हजेरी, म्हणून सातपर्यंत झोप. मी दवाने भिजून, चिखलाचे पाय घेऊन बाजारातून घरात शिरायची, तेव्हा हे गोधडीतून एक डोळा उघडून विचारायचे, "चहा झाला का गं?" त्या वेळी माझ्या मनात काय काय यायचं ते लिहिण्यासारखं नाही.

दोन हजार चार सालच्या जानेवारीत ह्यांच्या साहेबांनी ह्यांना एक फॉर्म दिला. गंगापूर धरणावर शर्यत होती. आधी अर्धा किलोमीटर पोहायचं, मग वीस किलोमीटर सायकल, मग पाच किलोमीटर पळायचं, आणि मध्ये थांबायचं नाही. हे जेवताना सांगत होते, जणू काही शर्यत ह्यांनी आधीच जिंकली होती.

"ह्यात नवीन काय?" हे म्हणाले. "हे तर मी रोजच करतो. सायकल आहे, लहानपणापासून विहिरीत पोहतो, आणि पळतो."

"पळता कधी?" मी विचारलं.

"हजेरीला उशीर झाला की."

आत्या खो खो हसल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, नवसाबाई. वय सत्तरीला आलेलं, दात चार, पण हसायला कमी नाही.

"मग मीही करते," मी म्हटलं. "रोज टोपल्या घेऊन सायकल मारते, माहेरी विहिरीत पोहलेय, आणि दावं तोडून सुटणाऱ्या तुमच्या त्या कपिला गाईमागे दिवसाआड पळतेच. एक फॉर्म मलाही आणा."

ह्यांना ठसकाच लागला. आमची मनीषा, चौदा वर्षांची, बापाच्या पाठीवर थापट्या मारायला लागली. पाणी पिऊन झाल्यावर हे म्हणाले, "अगं, तिथे डॉक्टर, इंजिनियर येणार. तू काय गुलाब विकायला जाणारेस का?"

संपलं. माझं डोकं असंच आहे, तापायला वेळ लागत नाही आणि निवायला दोन दिवस लागतात. "लावा पैज," मी म्हटलं. "मी तुमच्या आधी पोचले तर वर्षभर पहाटे तुम्ही उठायचं. तोडायचं, बांधायचं, बाजारात न्यायचं. मी झोपणार."

"आणि मी आधी पोचलो तर?"

"तुम्ही सांगा."

हे जरा विचारात पडले. मग म्हणाले, "तर 'तुम्ही का नाही उठत' हा प्रश्न जन्मात पुन्हा काढायचा नाही."

बघा म्हणजे. हरले तर नुसती झोप नाही, तक्रार करायचा हक्कही गेला. पण आता माघार घेतली तर तोही गेलाच. मी आत्यांना साक्षीला ठेवलं आणि मनीषाकडून फॉर्म भरून घेतला.

सराव घरच्या विहिरीत. हे संध्याकाळी कामावरून आल्यावर उतरायचे. मी दुपारी, शिवारात पुरुषमाणूस नसताना, सलवार आणि ह्यांचा कारखान्याचा टी-शर्ट घालून. आत्या काठी घेऊन कठड्यावर पहाऱ्याला. मनीषाने गणित करून दिलं होतं: अर्धा किलोमीटर म्हणजे आमच्या विहिरीच्या बावीस फेऱ्या. एक फेरी झाली की आत्या एक झेंडूचं फूल शेजारच्या सुपात टाकायच्या. बावीस फुलं झाली की म्हणायच्या, "नीघ वर, आता दात वाजाया लागले तुहे."

फक्त एका गोष्टीवरून आत्या रोज कुरकुरायच्या. प्रत्येक विहिरीची पोहायची एक वहिवाट असते. माझं माहेर देवळ्याचं. तिथल्या आमच्या विहिरीत सगळी पोरं-पोरी डाव्या अंगाला वळत फिरायची, मग मीही तशीच शिकले. इथे मखमलाबादेत उजव्या अंगाला वळत फिरतात. का, ते मला विचारू नका. जात्याला विचारतो का आपण, बाबा असाच का फिरतोस?

"सून उलटी फिरती," आत्या म्हणायच्या. "लोकं काय म्हनतील?"

"विहिरीत लोक कुठले आत्या? एक कासव आहे."

"त्ये बी सुलटंच फिरतं."

असा महिनाभर आम्ही दोघं त्या विहिरीत गोल गोल फिरलो. हे उजवीकडे, मी डावीकडे. बावीसच्या तीस फेऱ्या झाल्या, छाती भरून दम यायला लागला. पण धरणाला कठडा नसतो, तिथे गोल नाही, सरळ पोहायचं असतं, हे एवढं साधं ना ह्यांच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

सायकलचं तर वेगळंच झालं. शर्यतीसाठी हलकी करावी म्हणून मी टोपल्या काढल्या आणि दहा पावलांत गटारात गेले. अठरा वर्षं मागे वजन असायची सवय. रिकामी सायकल हातात थांबेच ना. दोनदा पडल्यावर टोपल्या परत लावल्या.

फेब्रुवारीतला रविवार. धरणावर असं धुकं आणि असला गारठा! त्रेचाळीस माणसं जमली होती, त्यात बायका तीन. बाकीच्या दोघी कॉलेजातल्या, टोप्या, चष्मे, अंगाला चिकटलेले कपडे. माझ्या दंडावर स्केचपेनने एकेचाळीस आकडा काढला, ह्यांच्या दंडावर बेचाळीस. शर्यत भरवणाऱ्या क्लबातले रोहित सर सगळ्यांच्या सायकली तपासत फिरत होते. माझ्या सायकलपाशी येऊन थबकले.

"ताई, ह्या टोपल्यांत काय आहे?"

"भाकरी, ठेचा, पाण्याचा कॅन आणि दोन विटा."

"विटा?"

"भाकरी हलक्या होतात ना, म्हणून. वजन नसलं की मला चालवता येत नाही."

त्यांनी खिशातून नियमांचे कागद काढले, पुढून वाचले, मागून वाचले. वजन कमी पाहिजे म्हणून लोक जीव टाकतात. जास्त न्यायचं नाही असं कुणी कशाला लिहून ठेवेल? सरांनी मान हलवली आणि पुढे गेले. शेजारी हे साहेबांच्या मुलाची गिअरची सायकल मिरवत उभे होते. आदल्या दिवशीच आणलेली. गिअर कसे टाकतात ते विचारायला ह्यांना कमीपणा वाटला होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पाण्यात लांब दोन लाल पिंपं तरंगत होती. त्यांना वळसा घालून परत यायचं. शिट्टी वाजली आणि सगळे धबाधबा पाण्यात. गार! अगं आई गं, पोटातली आतडी आखडली! पण मी हात मारायला लागले, आणि काय सांगू, मजा वाटायला लागली. एवढं पाणी! ना भिंत, ना पायऱ्या. लगीनघरात पोरं पळतात तशी पळत सुटावं असं झालं. मी मोजून साठ हात मारले आणि डोकं वर काढलं, तर पिंप गायब. समोर नुसता डोंगर.

"ओ ताई!" शेजारच्या होडीतून आवाज आला. कुणी बुडालंच तर काढायला क्लबाने गावातल्या कोळ्यांच्या होड्या ठेवल्या होत्या. त्यातला सहादू नावाचा म्हातारा वल्हं वर करून ओरडत होता. "पिंप तिकडं ऱ्हायलं! तुमी कुठं निघाल्या?"

मी वळले. पिंप समोर घेतलं, चाळीस हात मारले, डोकं वर काढलं. आता समोर काठ, आणि काठावर काठी घेऊन उभ्या आत्या. मी डावीकडे वळत वळत आख्खी फेरी मारून आले होते!

"ताई, तुमी विहीर खांदताय का काय?" सहादू म्हणाला.

मला रडूच यायला लागलं. लोक केव्हाच पुढे गेले होते. झोप गेली, तक्रार गेली, सगळं त्या पाण्यात गेलं असं वाटून मी डोळे मिटून रागारागाने हात मारत सुटले, आणि धाडकन कुणाच्या तरी डोक्यावर आपटले.

"दिसत नाही का?" मी ओरडले.

"तुला दिसत नाही का?" समोरचं डोकं ओरडलं. हे होते! केस कपाळाला चिकटलेले, डोळे लाल. हे पलीकडून उजवीकडे वळत वळत आले होते.

"तुम्ही इथे काय करताय?"

"तू इथे काय करतेयस?"

"नवरा-बायको हायत का?" सहादूने विचारलं. आम्ही दोघांनी एकदमच मान डोलावली. "मंग भांडान काठावर करा. दोघं वर या होडीत, नायतर निघा."

होडीत गेलं की शर्यतीतून बाद. मी पुन्हा पिंपाकडे निघाले, हेही निघाले, दोघांनाही मागे राहायचं नव्हतं. हे माझ्या डाव्या हाताला. चार हात मारले की मी डावीकडे सरकायची ती ह्यांच्या खांद्यावर. हे उजवीकडे सरकायचे ते माझ्या खांद्यावर. "सरक की!" "तुम्ही सरका!" असं ढकलाढकली करत पन्नास हात मारले आणि मी डोकं वर काढलं. लाल पिंप नाकासमोर!

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. दोघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला. मी ह्यांना रेटते, हे मला रेटतात, म्हणून आम्ही सरळ जातो. एकटं गेलं की गेलं गोल.

"मी तुला सोडून गेलो तर?" हे धापा टाकत म्हणाले.

"जा की! आत्यांना नमस्कार करून या परत!"

मग काय, खांद्याला खांदा. ज्याला हरवायचं त्यालाच चिकटून पोहायचं! मला इतकं हसू येत होतं की नाकातोंडात पाणी. हेही हसत होते, मध्येच "हात सरळ मार" म्हणून शिकवत होते, मी "तुमचे पाय आवरा" म्हणून ओरडत होते. लग्नात सप्तपदीलाही आम्ही इतकं एका रेषेत चाललो नसू. पिंपाशी डावीकडे वळायचं होतं, तिथे माझी विद्या कामाला आली. सहादू होडी घेऊन शेजारी शेजारी, "हाऽऽ, आस्सं!" म्हणत. शेवटून चौघांत आम्ही दोघं, पण एकाच वेळी काठाला लागलो.

काठाला लागल्याबरोबर मैत्री संपली. हे पळत सुटले सायकलकडे. मी ओल्या सलवारीला गाठ मारली, चपला अडकवल्या आणि टोपल्यांसकट निघाले. मागे वजन, पुढे रस्ता, रोजचंच! जिवात जीव आला. गिरणारे गावाला जाऊन परत यायचं होतं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, घड बघायला आलेली माणसं रस्त्याला उभी. "फुलं कशी दिली?" कुणीतरी ओरडलं. "आज भाकरी आहे!" मी ओरडले.

हे दिसेनात. वाटलं, गेले पार पुढे. पण गिरणाऱ्याच्या अलीकडच्या चढाला बघते तर हे सायकल हातात धरून पायी चाललेले! गिअर असा काही अडकला होता की पायडलच फिरेना. मी घंटी वाजवली. ट्रिंग ट्रिंग.

"छाया, हा खालचा दांडा कुठल्या बाजूला ओढायचा गं?"

"मला काय ठाऊक? मी गुलाबवाली!" म्हणून मी गेले पुढे. वळणाच्या ठिकाणी एक पोरगी पाणी देत उभी होती. सकाळपासून उपाशी दिसली, तिला थांबून दोन भाकऱ्या दिल्या. थांबायला नको होतं, पण हात आपोआपच गेला. येताना एका डॉक्टरला मागे टाकलं. गळ्यात शिट्टी, पायात मोजे गुडघ्यापर्यंत. तो माझ्या विटांकडे बघतच राहिला.

पळायला लागले तेव्हा ह्यांच्यावर चार मिनिटांची आघाडी होती, असं नंतर कळलं. पण पळणं म्हणजे काही गाईमागे धावणं नव्हे. गाय तरी कधीतरी थांबते. एका किलोमीटरला पोटात कळ आली, दोनला पाय लाकडाचे झाले, दे माय धरणी ठाय झालं. अडीचला वळून परत फिरले, तर समोरून हे. छाती पुढे, तोंड लाल, टुणटुण उड्या मारत.

"आलोच!" जाता जाता हे म्हणाले.

मला घाम फुटला. पहाटे चारचा गजर कानात वाजायला लागला. आणखी वर्षभर, दोन वर्षं, मरेपर्यंत, आणि तोंडातून ब्र काढायचा नाही! मी पळाले. कशी पळाले देव जाणे. चप्पल तुटली, दुसरीही काढून फेकली, अनवाणी पळाले. शेवटचं वळण आलं, मांडव दिसायला लागला, आणि मागून ह्यांच्या बुटांचा थपथप आवाज आला. शंभर पावलं राहिली तेव्हा हे माझ्या बरोबरीला. पन्नास राहिली तेव्हा एक पाऊल पुढे. माझ्यात काही उरलं नव्हतं हो. खरंच नव्हतं.

दोरीच्या पलीकडे आत्या उभ्या होत्या. मला वाटलं, आता लेकाला हाक मारणार. मारतीलच, आई आहे. आत्यांनी काठी वर केली, पदर खांद्यावरून घसरला, आणि त्या चार दातांच्या तोंडातून एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या की मांडवातले लोक वळून बघायला लागले.

"पळ छाया! म्या तीस वरीस फुलं तोडली गं, मला कुनी पैज बी नाय लावू दिली! पळऽऽ!"

हे चालता चालता थांबावं तसे अडखळले. मान वळवून आईकडे बघायला लागले. एक पाऊल, फार तर दोन. तेवढ्यात मी दोरी ओलांडली आणि तिथल्या तिथे गवतावर आडवी झाले. आत्या माझ्या डोक्याशी फतकल मारून बसल्या, पदराने माझं तोंड पुसत हसतही होत्या, रडतही होत्या.

एकंदरीत माझा नंबर एकोणचाळिसावा, ह्यांचा चाळिसावा. बायकांत माझा तिसरा, आणि बायका होत्याच तीन, म्हणून मला ब्राँझपदकही मिळालं! संध्याकाळी मनीषा ते घालून गल्लीत हिंडली. हे जेवले, गजर चारचा लावला आणि झोपले.

सोमवारी मी डोळे उघडले तेव्हा भिंतीवर ऊन होतं. पिवळं, मऊ. आपल्या घरात ऊन सकाळी त्या भिंतीवर येतं हेच मला माहीत नव्हतं. अंग असं ठणकत होतं की कूस बदलवेना, आणि मी नुसती पडून हसत होते. ठणकतंय ते मला आवडत होतं. गोधडी उबदार होती, चिमण्या ओरडत होत्या, कुणीही मला कुठेही बोलवत नव्हतं. कपिला हंबरली तरी मी उठले नाही.

सव्वासातला दार वाजलं. हे बाजारातून आले. पायाला चिखल, शर्ट दवाने भिजलेला, सायकल अंगणात आडवी टाकलेली. मी मुद्दामच एक डोळा उघडला. मी म्हणणार होते, 'चहा झाला का?' जिभेवर आलंच होतं. पण ह्यांनी माझ्या पुढ्यात बसून दोन्ही तळवे उघडले. बोटाबोटांत काटे, अंगठ्याला रक्त सुकलेलं.

"सुई आहे का गं?" हे म्हणाले.

मी उठून बसले, सुई घेतली आणि एकेक काटा काढायला लागले. हे बघत होते, हाताकडे नाही, माझ्या बोटांकडे. माझ्या बोटांवर बारीक बारीक काळे ठिपके आहेत, जुन्या काट्यांचे, ते जात नाहीत.

"काटे रोज टोचतात?" ह्यांनी विचारलं.

"रोज."

"मग इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही झोपलेले असायचा," मी म्हटलं.

मग ह्यांनी दुसरा हात पुढे केला.